जानेवारीत एकट्याने म्युनिकहून प्रागला गाडीने जावे का?

प्रश्नाचा सारांश असा: विचारणारे नोकरीनिमित्त पुण्याहून म्युनिकला आले आहेत, त्यांना जर्मन वाहन परवाना मिळाला आहे, त्यांनी एक जुनी परंतु सुस्थितीतील पेट्रोल गाडी घेतली आहे आणि जानेवारीत तीन-चार दिवस एकट्याने प्रागला जाण्याचा त्यांचा विचार आहे. बर्फात गाडी चालवण्याचा अनुभव नाही. हा वेडेपणा ठरेल का, टायर कोणते हवेत, वाटेत कोठे थांबावे आणि गाडी शहरात कोठे ठेवावी, एवढे त्यांना जाणून घ्यायचे आहे. हा रस्ता मी अनेक हिवाळ्यांत, बहुतेक वेळा एकट्यानेच, पार केला आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

वेडेपणा मुळीच नाही. मात्र या प्रवासाचे गणित किलोमीटरवर न मांडता उजेडावर मांडावे. अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे आणि कोरड्या रस्त्यावर ते चार तासांत सहज कापले जाते, म्हणून अनेक जण शुक्रवारी कचेरी सुटल्यावर पाच वाजता निघतात आणि चूक नेमकी तेथेच होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रागमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. म्हणजे हाताशी आठ तास असतात. सोबत कोणी असेल तर अंधारात फलक वाचायला, धुक्यात पुढचे दिवे हेरायला आणि डोळ्यांवर झापड आली तर चाक हाती घ्यायला दुसरी व्यक्ती असते. एकट्याला ही सोय नाही. त्यामुळे सकाळी साडेआठला निघावे, रस्ता खराब असल्यास साडेपाच तास लागतील असे धरावे, मध्ये तासाभराचा एक थांबा घ्यावा आणि तीन वाजण्याच्या सुमारास गाडी जागेवर लावून मोकळे व्हावे. पुढचे सारे सल्ले या एका वेळापत्रकातूनच निघतात.

आता टायर. जर्मनीत विशिष्ट तारखेपासून हिवाळी टायर लावावेत असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेला ओलावा किंवा चिखलासारखा वितळता बर्फ असेल तेव्हा ते असलेच पाहिजेत, असा नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांच्या आत हिमकण असे चिन्ह असलेलेच टायर त्यासाठी ग्राह्य धरले जातात. केवळ ‘एम प्लस एस’ अशी अक्षरे असलेले जुने टायर आता चालत नाहीत. आपण जुनी गाडी घेतली आहे, त्यामुळे चारही टायरच्या बाजूवर हे चिन्ह स्वतः शोधून पाहावे. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नये. चेक प्रजासत्ताकात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल किंवा हवामानावरून तो असण्याची शक्यता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि त्यांच्या खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर लागते. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, म्हणून जर्मन तपासणीत उत्तीर्ण झालेली गाडीही सीमा ओलांडताच नियमबाह्य ठरू शकते. खोली पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे २ युरोचे नाणे खाचेत उभे घालावे. कडेचा रुपेरी पट्टा पूर्ण बुडाला तर साधारण ४ मिलिमीटर शिल्लक आहे असे समजावे. हे चारही टायरवर, आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेलाही करून पाहावे, कारण जुन्या गाडीचे टायर अनेकदा एकाच बाजूने झिजलेले असतात.

हिवाळी टायर असले की बर्फाची चिंता मिटली असा समज मात्र करून घेऊ नये. पडलेला बर्फ डोळ्यांना दिसतो, त्यामुळे माणूस आपोआप हळू चालवतो, शिवाय या मार्गावर मीठ टाकणाऱ्या आणि बर्फ लोटणाऱ्या गाड्या सतत फिरत असतात. खरा धोका दोन गोष्टींचा आहे. पहिला, डांबराच्या रंगातच मिसळून जाणारा बर्फाचा पातळ थर, जो पुलांवर आणि जंगलातल्या सावलीच्या पट्ट्यांत सर्वांत आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. दुसरा, जमिनीवर पडताक्षणी गोठणारा पाऊस. या पावसात कोणताही टायर कामाचा नाही. जर्मन हवामान खात्याच्या वॉर्नवेटर अ‍ॅपवर अशा पावसाचा इशारा आपल्या मार्गावर दिसला तर त्या दिवशी निघूच नये. हॉटेलचे एका रात्रीचे पैसे बुडू द्यावेत किंवा सरळ रेल्वेने जावे. साध्या हिमवृष्टीचा इशारा असेल तर मी दोन तास उशिरा निघतो, बेत रद्द करत नाही.

निघण्यापूर्वीच्या तयारीत बहुतेक जण डिकी भरतात. एकट्याने जाणाऱ्याने डिकीपेक्षा शेजारच्या सीटकडे लक्ष द्यावे. तेथे जाड कोट, कानटोपी, हातमोजे आणि चमकदार पिवळे जाकीट, या चार वस्तू हात पोचेल अशा ठेवाव्यात. कारण असे की गाडी महामार्गाच्या कडेला बंद पडली तर आत बसून राहायचे नसते. मागून येणारा ट्रक घसरला तर तो प्रथम उभ्या गाडीवरच येतो. धोक्याचे दिवे लावून, पिवळे जाकीट आतच अंगात घालून, उजव्या दाराने उतरावे, लोखंडी कठड्याच्या पलीकडे जावे आणि तेथून ११२ वर किंवा आपल्या मदतसेवेला फोन करावा. उणे पाच अंशांत तेथे पाऊण तास उभे राहावे लागले तर डिकीतल्या कोटाचा काही उपयोग नसतो. चालवताना मात्र हा कोट अंगात नसावा. जाड कोटावरून लावलेला पट्टा शरीराला घट्ट बसत नाही आणि धक्का बसला की शरीर पट्ट्याखालून सरकते. एडीएसी या जर्मन वाहनचालक संघटनेचे प्लस सदस्यत्व घेतल्यास चेक प्रजासत्ताकातही मदत मिळते. जुनी गाडी घेऊन एकटे निघणाऱ्याने त्यात काटकसर करू नये.

काच पुसण्याच्या पाण्याकडे भारतातून आलेले चालक हमखास दुर्लक्ष करतात. रस्त्यावर टाकलेले मीठ पुढच्या गाड्यांच्या चाकांतून उडून आपल्या काचेवर बसते आणि दहा मिनिटांत काच पांढुरकी होते. साधे पाणी भरलेले असेल तर ते नळीतच गोठते आणि वायपर ती पांढरी साय काचभर पसरवत बसतो. उणे वीस अंशांपर्यंत न गोठणारे द्रव भरावे आणि एक जादा कॅन सोबत ठेवावा, कारण एका फेरीत अख्खी टाकी संपू शकते. सकाळी काचा खरवडताना समोर एक खिडकीएवढे भोक पाडून निघू नये. सर्व काचा, आरसे, दिवे आणि टपावरचा बर्फ स्वच्छ करणे हा नियम आहे. टपावरची लादी पहिल्याच ब्रेकला सरकून समोरच्या काचेवर येते तेव्हा त्या नियमाचा अर्थ कळतो. काच वितळावी म्हणून इंजिन चालू ठेवून उभे राहण्याला जर्मनीत बंदी आहे. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, कारण बर्फामुळे वाहतूक तुंबली की गाडीतील ऊब त्या पेट्रोलवरच टिकते. विजेवर चालणारी गाडी असती तर थंडीत पल्ला बराच घटतो हे धरून थांबे आखावे लागले असते. आपल्याला तो प्रश्न नाही.

मार्ग सरळ आहे. म्युनिकहून ए-९ महामार्गाने उत्तरेला, होलेडाऊच्या फाट्यावरून ए-९३ ने रेगेन्सबुर्ग, पुढे ओबरफाल्झच्या जंगलातील चौकात ए-६ धरून वाइडहाउसची सीमा आणि पलीकडे रोझ्वादोवपासून चेक डी-५ महामार्ग, तो प्लझेनला वळसा घालून प्रागच्या पश्चिम टोकाला पोचतो. सीमेपासून प्रागपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात धुके फार असते. आंबोली घाटात श्रावणातले ढग रस्त्यावर उतरतात तसाच प्रकार येथे होतो, फक्त आंबोलीत आपण ताशी पंचवीसने जातो आणि येथे शेजारून नव्वदने ट्रक जात असतात. अशा वेळी कडेचे पांढरे खांब मोजावेत. जर्मन महामार्गावर दोन खांबांमधील अंतर ५० मीटर असते. पुढचा खांबही दिसत नसेल, म्हणजे दृष्टी ५० मीटरच्या आत आली असेल, तरच मागचा लाल धुके-दिवा लावण्याची परवानगी आहे आणि तेव्हा वेगमर्यादाही ताशी ५० होते. धुके विरळ होताच तो दिवा बंद करावा, कारण मागच्याच्या डोळ्यांत तो सुईसारखा घुसतो. याच खांबांवर पुढच्या गाडीशी राखायचे अंतरही मोजता येते. जर्मन नियम वेगाच्या निम्मे मीटर अंतर सांगतो, म्हणजे ताशी १०० ला एक खांब. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर मी दोन खांब सोडतो आणि त्या मोकळ्या जागेत कोणी घुसले तर निमूटपणे पुन्हा दोन खांब मागे येतो. मीठ टाकणारी गाडी पुढे असेल तर तिला ओलांडू नये. तिच्या मागचा रस्ता हा त्या घटकेचा सर्वांत सुरक्षित रस्ता असतो.

वाहतूक तुंबू लागली की ती पूर्ण थांबण्याआधीच सर्वांत डाव्या मार्गिकेतील गाड्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची असते. जर्मनीत हे न केल्यास दंड २०० युरोपासून सुरू होतो. चेक नियमही २०१८ पासून तसाच आहे.

वाटेतला तासाभराचा थांबा कोठे घ्यावा, याला माझे उत्तर रेगेन्सबुर्ग हे आहे. तेथील डॅन्यूबवरचा दगडी पूल बाराव्या शतकातला असून प्रागमधील जुडिथ पूल त्याच्याच धर्तीवर बांधला गेला, असे मानतात. तो जुडिथ पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला आणि त्याच्या जागी राजा चौथ्या कार्लने १३५७ मध्ये जो बांधायला घेतला तो आजचा चार्ल्स पूल. एकाच दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा पूल पायी ओलांडता येतो. या प्रवासाचे मला वाटणारे सर्वांत मोठे सुख ते आहे. प्लझेनमध्ये थांबण्याचा मोह अनेकांना बिअरच्या कारखान्यामुळे होतो. १८४२ मध्ये तेथे सुरू झालेली बिअर जगभर पोचली हे खरे, पण चेक प्रजासत्ताकात चालकाच्या रक्तात मद्याचे प्रमाण शून्य असावे लागते; जर्मनीसारखी दर हजारी ०.५ ची सवलत तेथे नाही. रात्री उशिरापर्यंत घेतलेल्या बिअरचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळीही लागू असतो.

सीमेवर पूर्वीसारख्या चौक्या नाहीत, तरी कागदपत्रे डिकीत टाकू नयेत. चेक प्रजासत्ताक २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन या सीमातपासणी नसलेल्या युरोपीय क्षेत्रात आहे, पण जर्मनीने आपल्या बाजूने तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि परतताना वाइडहाउसला गाडी बाजूला घ्यायला सांगितले जाण्याची शक्यता असते. भारतीय नागरिकाने पारपत्र आणि जर्मन निवास परवाना, दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवाव्यात. निवास परवान्याचे कार्ड एकटे पुरत नाही. चेक महामार्गाचा पथकर २०२१ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक विग्नेटने, म्हणजे ऑनलाइन घेतलेल्या पथकर-परवान्याने, भरला जातो. काचेवर काही चिकटवायचे नसते, आपला वाहन क्रमांक नोंदला की झाले. एडालनित्से या सरकारी संकेतस्थळावरच तो घ्यावा, कारण शोध घेतल्यावर वर दिसणारी काही संकेतस्थळे दलालांची असतात आणि वर वेगळे शुल्क लावतात. क्रमांक भरताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत होत नाही ना, तसेच देश म्हणून जर्मनीच निवडला आहे ना, हे दोनदा पाहावे. गाडी भाड्याची असती तर चेक प्रजासत्ताकात नेण्याची लेखी परवानगी कंपनीकडून घ्यावी लागली असती. सीमेपलीकडे आणखी एक फरक लक्षात ठेवावा: तेथे भर दुपारीही पुढचे दिवे लावणे बंधनकारक आहे आणि डी-५ वर ताशी १३० ही कमाल मर्यादा आहे, जर्मनीत तीच संख्या केवळ शिफारस असते.

निघण्याचा वार निवडण्याची मुभा असेल तर रविवार निवडावा. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरील मालट्रकना बंदी असते. ए-६ आणि डी-५ हा मध्य युरोपातील मालवाहतुकीचा मोठा रस्ता आहे. ट्रकांची ती अखंड रांग आणि तिने उडवलेले मिठाचे पाणी नसेल तर नवख्या चालकाचा निम्मा ताण कमी होतो. चेक बाजूची रविवारची बंदी मात्र दुपारी एकला सुरू होते, एवढे ध्यानात असावे.

प्रागमध्ये गाडी शहराच्या वेशीवर सोडावी, या मताशी मी ठाम आहे. जुन्या भागात निळ्या पट्ट्यांच्या जागा रहिवाशांसाठी, जांभळ्या मिश्र वापरासाठी आणि नारिंगी थोड्या वेळासाठी असतात. निळ्या जागेत लावलेली परदेशी गाडी चाकाला कुलूप घातलेली किंवा उचलून नेलेली आढळते. त्यातच अरुंद गल्ल्या, एकेरी रस्ते आणि ट्राम. डी-५ जेथे शहराच्या वळणरस्त्याला मिळतो तेथेच झ्लिचीन हे मेट्रोच्या ‘बी’ मार्गाचे शेवटचे स्थानक आणि त्याला लागून पी प्लस आर, म्हणजे गाडी लावून मेट्रोने पुढे जाण्याचा, वाहनतळ आहे. तेथून जुन्या शहरालगतच्या मूस्तेक स्थानकापर्यंत सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. हा तळ एका दिवसाच्या भेटीसाठी उत्तम. आपला मुक्काम तीन-चार दिवसांचा असल्याने पश्चिम भागात, ‘बी’ मार्गाजवळ, स्वतःचे आच्छादित वाहनतळ असलेले हॉटेल पाहावे आणि परतीच्या सकाळपर्यंत गाडीला हात लावू नये. छत असले की सकाळचे काच खरवडणे वाचते, हा लाभ वेगळाच. पायी फिरताना एक लक्षात असू द्यावे की तेथे झेब्रा पट्ट्यावरही ट्रामला पादचाऱ्याआधी जाण्याचा हक्क आहे.

शहराबद्दल थोडेच सांगतो, कारण आपला प्रश्न रस्त्याचा आहे. हिवाळ्यात एकट्या प्रवाशाला प्राग दोन बाबतींत उन्हाळ्यापेक्षा अधिक देते. जुन्या शहराच्या चौकातील नाताळचा बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो. तो उठला की गर्दी ओसरते आणि हॉटेलांचे दर उतरतात, म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्यावा. आणि चार्ल्स पुलावरचा सूर्योदय पाहण्यासाठी जूनमध्ये जे पहाटे साडेचारला उठणे भाग असते ते जानेवारीत टळते. साडेसातला न्याहारीआधी निघाले तरी ५१६ मीटरच्या त्या पुलावर तीस पुतळे आणि मोजकी माणसे असतात. दगडी फरसबंदी तेव्हा निसरडी असते, म्हणून खाचेदार तळव्याचे बूट घालावेत. प्रागच्या किल्ल्यातील वास्तू हिवाळ्यात चारलाच बंद होतात आणि रविवारी सेंट व्हीटस कॅथीड्रल पर्यटकांना दुपारी बारानंतर उघडते, तेव्हा किल्ला आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळी उरकावा. ज्यू वस्तीतील पिंकास प्रार्थनागृहाच्या भिंतींवर नाझी छळात मारल्या गेलेल्या ७७ हजारांहून अधिक लोकांची नावे हाताने लिहिलेली आहेत. ते शनिवारी बंद असते. एकट्याने गेल्यास तेथे हवा तेवढा वेळ उभे राहता येते. शाकाहारी असाल तर लसणाचे सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारावे. तळलेल्या चीजची थाळी मात्र जवळजवळ सर्वत्र मिळते. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरचे कोणी ओळखीचे स्कोडाच्या कामासाठी म्लादा बोलेस्लावला असतील तर ते गाव प्रागपासून साधारण साठ किलोमीटरवर आहे, पण त्यासाठीही रेल्वे किंवा बस घ्यावी.

परतीसाठी सकाळच निवडावी आणि याचे कारण केवळ अंधार नाही. डी-५ प्रागहून नैर्ऋत्येकडे जातो आणि जानेवारीत सूर्य मावळतोही नैर्ऋत्येलाच; दुपारी दोननंतर तो थेट समोरच्या काचेत येतो, खालचा ओला रस्ता आरशासारखा चमकतो आणि मिठाची साय असलेल्या काचेतून पुढची गाडी अक्षरशः दिसेनाशी होते. नऊला निघाल्यास सूर्य डाव्या बाजूला मागे राहतो आणि वाइडहाउसची तपासणीची रांग धरूनही तीनच्या आत म्युनिक गाठता येते. काळा चष्मा तरीही शेजारच्या सीटवर, त्या कोटाच्या खिशात ठेवावा. घरी पोचल्यावर पहिल्या कोरड्या दिवशी गाडी खालूनही धुऊन घ्यावी. चाकांच्या कमानीत बसलेले मीठ जुन्या गाडीचा पत्रा एका हिवाळ्यात पोखरू लागते.